गायीचा घास

शैलावहिनी माझ्या मायच्या भाकरी गायीला चारत होत्या.

गायीच्या घासापुरता चतकोर नाही. सगळी चवड. फडकं सोडून गेटाच्या कठड्यावर टाकलेलं. वहिनी एकेक भाकरी मोडायच्या, गायीच्या तोंडाशी धरायच्या, मग तिच्या कपाळाला हात लावून तो आपल्या छातीला लावायच्या. देवळात असल्यासारख्या. माय माझ्या शेजारी उभी राहून बघत होती. त्या भाकरी अजून ऊन होत्या.

जळगावात थंडी पडली की कॉलन्या-कॉलन्यांत भरीत पार्ट्या सुरू होतात. आमच्या सोसायटीतही होते. मैदानात काड्या पेटवून वांगी भाजायची, लाकडी बडगीत ठेचायची आणि बाकीचं एकेका घराने एकेक करून आणायचं. कोणी ठेचा, कोणी कढी, कोणी शिरा. मी इथे फ्लॅट घेतला त्या पहिल्याच हिवाळ्यात शैलावहिनी दारात आल्या. आमच्या अध्यक्षांची, म्हणजे नानांची, ही थोरली सून. म्हणाल्या, "ताई, तुम्ही ऑफिसातून दमून येता. करत बसू नका काही. पत्रावळ्या आणि पाण्याचे जार तेवढे बघा." केवढी ती काळजी! पुढच्या वर्षी पुन्हा मीच दमलेली. समोरच्या फ्लॅटमधली बँकेतली बाई माझ्यानंतर घरी येते, पण तिला पुरणपोळ्या सांगितल्या. मी काय समजायचं ते समजले. पाटीवरचं आडनाव वाचून पाणी प्यायचं की नाही ते ठरवणारी माणसं मला शाळेपासून माहीत आहेत. मीठसुद्धा माझ्या हातचं नको होतं त्यांना. दुकानातलं, बांधलेलं, शिजवायचं नसलेलं, तेवढंच माझ्याकडून चालायचं.

यंदा माय शिरपूरकडच्या गावाहून माझ्याकडे राहायला आली होती. पत्रावळ्यांचा गठ्ठा बघून हसली.

"मी येल शे ना. मंग पत्रावळ्या कसाले? भाकरी लई जासूत."

भाकरी घेऊन जाऊ म्हणणाऱ्या मायला मी अडवायला हवं होतं का? नाही. का अडवू? तिच्यासारखी कळण्याची भाकरी आमच्या गावात कोणी करत नाही. ज्वारी आणि उडीद मीठ घालून एकत्र दळायचे, ते पीठ हातावर थापायचं. माय दुपारपासून थापत बसली. तिचे खांदे दुखतात, पण कोणाला पुरली नाही असं नको म्हणाली. जाताना नवं लुगडं नेसली. लेकीच्या सोसायटीत पहिल्यांदा जेवायला चालली होती.

मैदानात वहिनींनी चवड तिच्या हातातून घेतली. "अरे वा, कळण्याच्या! द्या इकडे, आजी." माय खूश. आम्ही चुलीपाशी गेलो. पंगत बसायला लागली, भाकरी वाढायला सुरुवात झाली, त्या दुसऱ्याच घरच्या. मायने मला हळूच विचारलं, आपल्या कुठे आहेत? आम्ही शोधत गेटापाशी आलो.

वहिनींनी आम्हाला पाहिलं. गडबडल्या नाहीत. "गोमातेच्या मुखी लागलं, आजी. याच्यासारखं पुण्य नाही."

आणि माझ्या मायने हात जोडले. मला म्हणाली, "गायनी तं खादं ना, बाई. चाल, घर चाल."

ते जोडलेले हात मला सहन झाले नाहीत. वहिनींपेक्षा त्या हातांचा मला संताप आला. साठ वर्षं या बाईला हेच शिकवलं, कोणीतरी खाल्लं यातच समाधान मान. माणसाने नाही तर जनावराने. मी वहिनींच्या हातातून उरलेल्या भाकरी ओढून घेतल्या आणि पंगतीत गेले. नाना मधोमध बसले होते.

"नाना, या माझ्या मायच्या हातच्या भाकरी. गायीला चालल्या. तुम्हाला वाढू?"

नाना पत्रावळीवरचं भरीत बोटाने सारखं करत राहिले.

"जेवताना वाद नको, पोरी. आपण कोणी जात मानत नाही. पण घरात म्हातारी माणसं असतात."

"घरात सगळ्यात म्हातारे तुम्हीच आहात. वाढू का नको, तेवढं सांगा."

"नको."

"ऐकलं ना सगळ्यांनी?"

मी मायला हात धरून पंगतीत बसवलं. तिच्या पत्रावळीवर भाकरी ठेवली, भरीत स्वतः वाढून घेतलं. डाव्या बाजूच्या बाईंना पाणी आणायचं आठवलं. उजवीकडच्यांचा फोन वाजला. दोघं परत आली नाहीत. मग समोरचे उठले. अर्ध्या भरलेल्या पत्रावळ्या तशाच टाकून. मायचा घास तोंडापर्यंत जाईना. मी म्हटलं, माय, खा. ती रडत रडत जेवली. माझ्या डोळ्यांत मात्र पाण्याचा टिपूस आला नाही.

सकाळी ती गावी निघून गेली. आता तुझ्या घरी येणार नाही म्हणाली. हे त्यांनी माझ्याकडून घेतलं आणि ते मी विसरणार नाही.

फ्लॅट विकून आपल्या लोकांत जा, असं आमच्यातलेच काही सांगतात. जाणार नाही. पुढच्या हिवाळ्यात पीठ मी मळीन. जमतील तशा थापीन, जाड झाल्या तरी, करपल्या तरी. आणि पंगतीत एकेकाच्या समोर उभी राहून विचारीन, वाढू का? तुम्हाला नको म्हणायचं असेल तर तोंडाने म्हणा. सगळ्यांदेखत, माझ्याकडे बघून. दर वर्षी म्हणावं लागेल.