साहेबांची न झालेली चूक

श्री. दिनकरराव केळुसकर साहेबांची आणि माझी ओळख मानपाड्याच्या आमच्या रंगाच्या कारखान्यात झाली. ते उत्पादन विभागाचे प्रमुख, मी नवा सुपरवायझर. पहिल्याच दिवशी त्यांनी स्वतः हिंडून मला सगळा कारखाना दाखवला आणि शेवटी विचारले, "अहो वैद्य, गाणं ऐकता का?" मी लगेच "हो" म्हणालो. नव्या नोकरीत साहेबांना नाही कोण म्हणतो! त्या एका होकाराने मला पुढची कित्येक वर्षे घाम फोडला.

रविवारी दुपारी, इमारत वामकुक्षी घेत असताना, साहेबांच्या डोंबिवलीच्या घरी कारखान्यातले आम्ही चारपाच जण जमत असू. तुम्हीआम्ही स्पीकर भिंतीला टेकवतो आणि वर फुलदाणी ठेवतो. साहेबांनी ते चांगले तीन हात पुढे ओढून किंचित आत वळवले होते. मग सोफा मावेना, म्हणून तो काकूंच्या भावाकडे कल्याणला गेला. शोकेसच्या काचेवर आवाज आपटतो म्हणून तिच्यावर गोधडी टाकलेली असे. "आल्यागेल्याला वाटतं घरात कुणी आजारी आहे," काकू म्हणत आणि चहा ठेवायला आत जात.

साहेबांचे म्हणणे असे, की आवाज खोक्यांतून येतोय असे वाटताच कामा नये. खोकी नाहीशी व्हावीत आणि त्यांच्या मागे, भिंतीच्याही पलीकडे, मैफल बसलेली दिसावी. गायक मधोमध, तबला डावीकडे, पेटी उजवीकडे, तंबोरे मागे. हे जुळून आले की ते हळूच म्हणत, "बैठक लागली."

ती लागली की नाही हे पाहण्याची त्यांची एक रीत होती. एकेकाने मधल्या खुर्चीत बसायचे, डोळे मिटायचे आणि तबला कुठे आहे ते बोटाने दाखवायचे. मला ते कधीच कळले नाही. माझा डावा कान लहानपणी फुटला, तो कायमचा गेला. शाळेत "बहिऱ्या" ऐकून घेतल्यावर मी ही गोष्ट कुणाला सांगत नसे. बहिरा माणूस दर्दी लोकांच्या पंगतीला बसतो, याची इतकी लाज वाटे की दर रविवारी आता जायचे नाही असे ठरवी आणि तरी जाई. इतरांची बोटे पाहून मी माझे बोट उचलत असे.

एकदा साहेबांनी नवी रेकॉर्ड आणली आणि पहिली पाळी माझ्यावर आली. मी डोळे मिटून सवयीने डावीकडे बोट केले. कोलशेतचे आमचे पाटील हसतच ओरडले, "अरे वैद्य, तबला त्या बाजूला हाय! कान हाय का काय?" सगळे हसले. माझे कान तापले, तो बहिरा कानसुद्धा.

साहेब उठले, अॅम्प्लिफायरच्या मागे वाकले आणि म्हणाले, "थांबा पाटील. वैद्यांनी ही परवा माझ्याकडे ऐकली आहे, त्यांनी जागा आठवणीने दाखवली. तबला डावीकडेच आहे. तारा मीच उलट जोडल्यात." त्यांनी तारा बदलल्या. तबला डावीकडे आला म्हणे. मी ती रेकॉर्ड त्याआधी पाहिलीही नव्हती.

मंडळी गेल्यावर त्यांनी मला थांबवून घेतले आणि तारा पुन्हा होत्या तशा केल्या.

"डावा कान ना?" त्यांनी विचारले.

"हो," मी जमिनीकडे पाहत म्हणालो.

"मग डावं-उजवं सोडून द्या. कोण जवळ बसलंय आणि कोण लांब, एवढंच ऐका. त्याला एक कान पुरतो."

त्यांनी मला खुर्चीत बसवले. आधी ते माझ्यासमोर उभे राहून बोलले, मग स्वयंपाकघराच्या दारातून. मग त्यांनी रेकॉर्ड लावली. हळूहळू तंबोरे गायकाच्या मागे सरकले आणि त्यांच्याही मागे, जिथे ते गाणे रेकॉर्ड झाले त्या रिकाम्या सभागृहाची भिंत ऐकू आली. मला रडू आले, आणि त्याचीही लाज वाटली. पुढच्या रविवारपासून साहेबांनी रीतच बदलली: "जवळ कोण, लांब कोण, ते सांगा." कारखान्यातही ते पहिल्या आठवड्यापासून माझ्या उजव्या बाजूनेच चालत आले होते, हे मला तेव्हा उमगले.

ती चूक मात्र साहेबांना चिकटली. "तारा बघितल्या ना सर?" हे पाटलांचे पालुपद आजही चालू आहे. साहेबांच्या या षष्ट्यब्दी ग्रंथातल्या आणखी दोन लेखांत तो विनोद आला आहे, असे संपादक सांगतात. ज्यांनी कधी सैल जोड सोडला नाही, ते साहेब इतकी वर्षे माझ्यासाठी हसू सोसत आले आणि मी त्या हसण्यात सामील होत आलो. हे लिहू का, म्हणून विचारायला गेलो, तर म्हणाले, "लाज वाटत असेल तर नका लिहू." वाटते, साहेब. म्हणूनच लिहिले.

आपल्याला उदंड, निरोगी आयुष्य लाभो आणि काकूंना सोफा परत मिळो. संयोजकांना एकच विनंती: सत्काराच्या दिवशी साहेबांच्या डाव्या हाताची खुर्ची मला द्यावी, म्हणजे ते माझ्या चांगल्या कानाशी बोलतील. ही जागा मी आज पहिल्यांदा तोंडाने मागतो आहे.