भाऊजींनी तळ्यात सोडलेले मासे

मला राग आला की मी भांडी घासते. मागच्या वर्षी अमेरिकेतल्या आमच्या फ्रीमाँटच्या घरातली भांडी जेवढी लखलखत होती तेवढी कधीच नव्हती. कारण एक तळं, आणि माझ्या नवऱ्याचे कॉलेजपासूनचे एक मित्र. त्यांना मी भाऊजी म्हणते, म्हणून इथे शिवी घालत नाही.

मी देवगडची. कल्ले उचलून बघितल्याशिवाय मासा न घेणाऱ्या घरातली. नवरा ऑफिसला जाता-येता फ्रीवेवर आयुष्य काढत होता तेव्हा मी इथे गळ टाकायला शिकले. उन्हाळ्यात आम्ही वर डोंगरातल्या एका तळ्यावर जातो. तिथे सरकारी ट्रक येतो आणि ट्राउट आणि सॅमन माशांची बोटभर पिल्लं पाण्यात सोडतो. ती तिथेच खाऊनपिऊन मोठी होतात. त्यातला एखादा गळाला लागला की मी घरी आणून त्याचं तिरफळ घालून कालवण करते. सगळ्या अमेरिकेत माझं म्हणून एवढंच आहे. बाकी सगळं नवऱ्याच्या नोकरीबरोबर आलेलं.

तर त्या तळ्यातले मासे वाळायला लागले. डोकं मोठं आणि मागे नुसता काटा. एक साफ करायला घेतला तर पोटात काहीच नाही. धक्क्यावर मत्स्यखात्याची बाई असते, तिला विचारलं. ती म्हणाली, कुणीतरी ह्या तळ्यात आमिषाचे मासे सोडलेत. गळाला जिवंत टोचायचे ते छोटे, चकाकणारे मासे. खालच्या गावांतल्या दुकानात मिळतात, पण ह्या तळ्यावर आणायला बंदी आहे. ते इथे बेसुमार वाढले. ट्राउट-सॅमनची पिल्लं पाण्यातल्या ज्या बारीक किड्यांवर जगतात, तेच हे फस्त करतात.

"पण मोठा ट्राउट ह्यांना खातो की," मी म्हटलं.

"खातो," ती म्हणाली, "पण आधी तो मोठा तर व्हायला हवा."

उपाय एकच होता. शरदात तळ्यात विष घालायचं, सगळे मासे मारायचे, चांगलेसुद्धा, आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायची. घरी येईपर्यंत मी त्या कुठल्यातरी मूर्ख गळवाल्याचा उद्धार करत होते.

तो गळवाला नव्हताच. भाऊजींकडे सत्यनारायण होता. प्रसाद झाल्यावर ते रंगात येऊन सांगायला लागले. रिटायर झाल्यापासून दर वाढदिवसाला ते आमिषाच्या दुकानातून जिवंत मासे विकत घेतात आणि वर नेऊन सोडून देतात. "वहिनी, तुमच्याच तळ्यात. टोचून मरणार होते बिचारे. जीवदान दिलं." सगळ्यांनी कौतुकानं माना हलवल्या. माझ्या हातात शिऱ्याची वाटी होती. तळपायाची आग मस्तकात गेली.

मी तिथेच, सगळ्यांसमोर, तळ्याचं काय झालंय ते सांगितलं. आवाज चढला होता, चढू दे. भाऊजी हसले. म्हणाले, "अहो, एवढेसे ते जीव, ते कुणाचं काय वाईट करणार?" गाडीत नवरा म्हणाला, "सोड ना यार, त्यांच्या मनात वाईट नव्हतं." ह्या वाक्याचा मला तिटकारा आहे. मनात काय होतं ते त्या उपाशी पिल्लांना कोण समजावणार? कदाचित भाऊजींसारखे आणखीही कुणी असतील. असोत. माझ्यासमोर प्रसाद वाटत होते ते हेच.

शरदात विष घातलं. मी मुद्दाम बघायला गेले. काठाला पांढरी पोटं लागली होती, त्यात माझे सॅमनही होते. मी रडले, आणि रडतानासुद्धा मला रागच येत होता.

पाणी स्वच्छ झाल्यावर, ह्या वर्षी, पुन्हा ट्रक येणार असं कळलं. भाऊजींचा फोन आला, मीही येतो. मला वाटलं, चला, काहीतरी डोक्यात शिरलं. मागच्या सीटवर त्यांनी कूलर ठेवला, पिकनिकला खाणंपिणं गार ठेवायला नेतात तो झाकणाचा डबा. वाटलं, बायकोनं पुऱ्या दिल्या असतील.

ट्रकच्या पाइपातून पिल्लं धो धो पाण्यात पडली. क्षणभर पाणी काळं दिसलं, मग ती पांगली. मी किती दिवसांनी मनापासून हसले. ट्रक गेला. भाऊजींनी गाडीतून कूलर उतरवून झाकण उघडलं. आत पाणी होतं, एक छोटा पंप घुरघुरत होता, आणि ते चकाकणारे मासे फिरत होते.

"प्रायश्चित्त, वहिनी," ते म्हणाले. "तुमच्या तळ्यात एवढे जीव गेले. आपण थोडे तरी सोडायला हवेत."

त्यांचे डोळे भरून आले होते. खोटं नव्हतं त्यात काही, आणि तेच मला सहन होईना. मी कूलर त्यांच्या हातातून ओढून घेतला आणि पार्किंग लॉटच्या तापलेल्या डांबरावर उपडा केला. मासे तडफडायला लागले. मला वाईट वाटलं. खूप वाटलं. भाऊजी खाली वाकून ते ओंजळीत गोळा करायला लागले, तशी मी तळ्याकडच्या वाटेत जाऊन उभी राहिले.

"वहिनी, पाप लागेल."

"लागू दे," मी म्हटलं. "माझ्या नावावर घाला."

आणि शेवटचा मासा हलायचा थांबेपर्यंत मी त्यांच्या आणि पाण्याच्या मधून हलले नाही.