रीडिंग कमी आलं

शेषराव मूळचा केनवडचा. आमच्या गावच्या कचरा डेपोवर तो चौकीदार होता आणि डेपोच्या कडेची विटांची एक खोली त्याचं घर होतं. पन्नाशीत मिळालेलं पहिलं पक्कं घर. त्याच्या बायकोनं, केशरबाईनं, ते स्वतःच्या हातानं निळं रंगवलं. "वहिनी, उकिरड्यावर बंगला बांधला तुमी!" असं मी चिडवायचो. मी नगरपालिकेतला बाबू. चिडवण्यापलीकडे मला जमतंच काय?

गेल्या वर्षी नवा नियम आला. कचरा कुजून मिथेन वायू तयार होतो, तो मोजायचा आणि मर्यादेत ठेवायचा. वायू मोकळा व्हावा म्हणून ढिगाऱ्यात पाइप रोवले. शेषरावानं रोज प्रत्येक पाइपाच्या तोंडाशी मीटर धरून रीडिंग लिहायचं. ते चढंच यायचं. खरं तर घराघरांतून ओला कचरा वेगळा घ्यायला हवा होता, पण तो ताप कुणालाच नको होता. तपासणी जवळ आली तसा मी शेषरावालाच दम भरला.

"रीडिंग उतरव, नाहीतं दुसरा चौकीदार येईन."

"मंग खोलीबी जाईन का, बाबूजी?"

"जाईन."

चार दिवसांत रीडिंग निम्म्यावर आलं. कसं, ते मी विचारलंच नाही. शाब्बास म्हणून मोकळा झालो.

त्यानं पाइपांच्या तोंडात ओलं बारदान कोंबलं होतं. कोंडलेला वायू जमिनीखालून सरकत खोलीत शिरला. मिथेनला वास नसतो, आणि डेपोचा वास तर त्या दोघांना केव्हाच येईनासा झाला होता. पौर्णिमेच्या सकाळी शेषराव फेरीवर होता. केशरबाईनं पांढरं लुगडं नेसून बुद्धाच्या फोटोपुढे मेणबत्ती लावायला काडी ओढली आणि खोली उडाली. ती दवाखान्यापर्यंत पोचलीच नाही.

चौकशीत कारण लिहिलं गेलं, मेणबत्ती. तो कागद मीच टाइप केला. माझी मलाच किळस येते.

परवा शेषरावाला भेटायला गेलो. पडक्या भिंतीवर निळा रंग अजून आहे. माफी मागायला तोंड उघडलं, तर शब्दाआधी रडूच फुटलं.

"तुमी कायले रडता, बाबूजी?" तो म्हणाला. "कोरडं बारदान वायू अडवत नाही म्हने केशर. बसून एकेक भिजवून देल्लं तिनं मले. म्हने, आपली खोली राह्यली पायजे."