पराभवाचा अहवाल

"ऊठ. हे असले पाय घेऊन पाहुण्यांसमोर बसतोस?"

कॉलेजच्या संस्थेचे अध्यक्ष मला म्हणाले. मी मैदानाच्या कडेला, प्रशिक्षकाच्या खुर्चीवर बसलो होतो. घोट्यापर्यंत चिखल होता. कबड्डीचं मैदान सकाळी मीच पाणी मारून तुडवलं होतं, मिठागराची जमीन तुडवतात तसं. चिखलाखाली पायांना भेगा होत्या. त्या लहानपणच्या. अध्यक्षांच्याच मिठागरात पडलेल्या.

मी उठलो. खुर्चीत त्यांचे जावई बसले. ते आमच्याकडे वाणिज्य शिकवत. कबड्डी कधी खेळले नव्हते. मला दोरीच्या मागे, प्रेक्षकांत उभं केलं.

"आणि पोरांना पाणी दे हां मध्ये मध्ये," जावई म्हणाले. लोक हसले. मीही हसलो. हे लिहिताना लाज वाटते. पण हसलो.

साठचं दशक संपत आलं होतं. भाईंदरचं आमचं कॉलेज लहान. पत्र्याचं छप्पर, चार वर्ग. गोडदेव, तारोडी या आसपासच्या गावांची मुलं गोळा करून संघ मी सात वर्षांत उभा केला होता. कागदावर मी शिपाई. कॉलेजांच्या स्पर्धेचा अंतिम सामना आम्ही पहिल्यांदाच गाठला होता.

शेवटची चढाई समोरच्यांची. आम्ही एका गुणाने पुढे. त्यांचा गडी दांडगा. अशा वेळी त्याला धरायचं नसतं. मागे सरायचं, दम संपू द्यायचा, रिकामा परत जाऊ द्यायचा.

जावई ओरडले, "धरा! धरा त्याला!"

आमच्या कर्णधाराने मान वळवून दोरीमागे पाहिलं. माझ्याकडे. मी हाताने नुसतं मागे सरायला खुणावलं असतं तरी पुरे होतं. अध्यक्ष माझ्यावर नजर ठेवून होते. माझा बाप अजून त्यांच्या मिठागरावर राबत होता. झोपडी त्यांच्या जमिनीवर होती.

मी खाली पाहिलं.

कर्णधाराने झेप घेतली. मागून दोघे धावले. त्या गड्याने तिघांना ओढत मधली रेषा गाठली. तीन गुण. वेळ संपली.

नंतर कर्णधार नळावर फुटलेला गुडघा धूत होता.

"सर, मी तुमच्याकडं बघत व्हतो."

"दिसलं नाही रे."

"दिसलं तुमाला," तो म्हणाला. सदरा उचलून निघून गेला.

तिसऱ्या दिवशी अध्यक्षांनी बोलावलं. टेबलावर टाइप केलेला अहवाल होता. कर्णधाराने सूचना न पाळता बेशिस्तपणे खेळ केला, त्याला संघातून काढावे. खाली माझं नाव. नावापुढे 'प्रशिक्षक'. कॉलेजच्या कागदावर हा शब्द माझ्यापुढे पहिल्यांदाच आला होता.

"सही कर. पुढच्या वर्षी खुर्ची तुझीच."

सात वर्षं मला तो शब्द हवा होता. मी तो पुन्हा वाचला. मग मजकुरावर आडवी रेघ मारली आणि खाली लिहिलं: 'कर्णधाराने सूचना पाळली. सूचना चुकीची होती. बरोबर काय ते मला माहीत होतं. मी गप्प राहिलो.' सही केली.

"बापाला विचारलंस?" अध्यक्ष म्हणाले.

"नाही."

महिन्याभरात नोकरी गेली, झोपडीही. भांडी बांधताना बाप एवढंच बोलला, "सही केलीस ती बरी केलीस. पन हात दाखवायचा व्हता तवा न्हाय दाखवलास."

खरं होतं. कर्णधार पुन्हा कधी मैदानावर उतरला नाही.

पुढे सत्तरच्या दशकात मी गावांचे संघ शिकवू लागलो, अजून शिकवतो. पहिल्या दिवशी प्रत्येक संघाला हे सगळं सांगतो, माझ्या गुन्ह्यासकट. आयोजकांना एकच अट घालतो. सामना चालू असताना मी रेषेलगत असेन. मला तिथून हलवलं, तर माझे सातही खेळाडू मैदानाबाहेर येतील. मान्य नसेल तर दुसरा संघ बोलवा.