हत्तीचं अ‍ॅव्हरेज

माझ्या दादाला माणसाचा चेहरा लक्षात राहत नाही, बसणं राहतं. चेष्टा नाही, तो कुशनचं काम करतो आणि त्याचा धंदाच तसा आहे. दुकानात कुणी आलं की नाव विचारायच्या आधी तो माणूस बाकावर कसा टेकतो ते बघणार आणि म्हणणार, "डावी बाजू दुखते का हो?" समोरचा चाटच पडतो. थिएटरच्या खुर्च्या, दातांच्या डॉक्टरची खुर्ची, माझ्या सलूनमधल्या खुर्च्या, सगळ्या त्याच्या हातच्या. आमचं अर्धं गाव दादाच्या कामावर बसतं. स्वतः मात्र तो उभा जन्म तिपाईवर बसला.

मी त्याची धाकटी बहीण. घरात मला कैची म्हणतात. निम्मं कारण केस कापायचा धंदा, निम्मं माझी जीभ.

तर या दादाच्या दारात हत्ती होता. हत्ती म्हणजे गाडी. जुनी, लांबलचक, गडद निळी, एके काळी बड्या साहेबांना मागच्या सीटवर बसवून मिरवणारी. तिचा मालक सीटचं काम करायला म्हणून ती टाकून गेला, मधेच त्याचं परदेशात जायचं ठरलं, आणि केलेल्या कामाच्या बदल्यात गाडीच ठेवून गेला. दादाला वाटलं लॉटरी लागली. मग त्यानं पहिल्यांदा पेट्रोल भरलं, आणि काटा बघता बघता खाली आला. गल्लीनं लगेच तिचं नाव पांढरा हत्ती ठेवलं. रंग निळा आहे हे कुणी मनावर घेतलं नाही.

"काय, आज हत्तीला चारा घातला का?" समोरचा फोटोवाला रोज विचारायचा. विचारताना त्याची नजर मात्र गाडीवरून हलायची नाही. नव्या जोडप्यांचे फोटो काढायला त्याला असली रुबाबदार गाडी स्टुडिओसमोर हवी होती. त्याला ती चालवायचीच नव्हती, त्यामुळे पेट्रोलची काळजी नव्हती.

दादा विकत नव्हता, आणि त्याचं कारण वहिनी होती. जिन्यावरून पडल्यापासून वहिनीच्या पाठीनं तिचा छळ मांडलाय. बसमध्ये बसली की घरी येऊन तीन दिवस अंथरुणात. उतरताना दोघांनी दोन हात धरायचे, तेव्हा कुठे ती सरळ उभी राहणार. तिची लेक, माझी भाची, डोंगरापलीकडे समुद्राकाठच्या गावात दवाखान्यात नर्स आहे. तिला मुलगी झाली, ती बसायला लागली, रांगायला लागली, आणि हे सगळं वहिनीनं फोनच्या काचेत बघितलं. नातीला एकदाही मांडीवर घेतलं नव्हतं. कुणी विचारलं की म्हणायची, "दिसते की रोज." मला तर ते ऐकून रागच यायचा.

तेव्हा दादानं हत्तीची पुढची सीट उघडली. पुन्हा भरली, पुन्हा उघडली. इथे काथ्या, तिथे लोकर, कमरेपाशी कडक, खांद्यापाशी मऊ, असं करत करत ती सीट त्यानं वहिनीच्या पाठीच्या मापाची केली. तिला उजवा हात कुठेतरी टेकवायला लागतो, म्हणून दोन सीटच्या मधल्या हँडब्रेकच्या दांड्याला त्यानं जाडजूड फोम लावून चामड्याचं कव्हर शिवलं, दुहेरी शिलाईचं. वहिनी बसली, कोपर टेकवलं आणि म्हणाली, "अहो, ही तर माझ्या पलंगापेक्षा बरी आहे." दादा दिवसभर शीळ घालत होता.

पण सीट कितीही चांगली असली तरी गाडी पाण्यावर चालत नाही. आधी ती आठाचं अ‍ॅव्हरेज द्यायची, म्हणजे लिटरला आठ किलोमीटर. तीच आता जेमतेम पाचावर आली होती. मिस्त्रीनं प्लग बदलले, फिल्टर बदलला, नळ्या साफ केल्या आणि शेवटी हात झटकले, "वय झालंय हो इंजिनाचं." वहिनी म्हणायला लागली, "विकून टाका. माझ्यापायी हत्ती पोसायला आपण काय राजे आहोत?" दादाचं म्हणणं होतं, ही गाडी शहरात रांगायला बनलेलीच नाही, हायवेला लागली की बघा. फोटोवाल्यानं तिथेच त्याला पकडलं. "मग होऊन जाऊ दे. हायवेला दहा दिले तर मी पुन्हा नाव काढणार नाही. दहाच्या खाली आली तर गाडी माझी." दादानं शब्द दिला. आणि दादाचा शब्द म्हणजे त्याची शिलाई, एकदा घातली की उसवत नाही. साक्षीदार म्हणून दोघांनी मला निवडलं, कारण माझ्या पोटात काही राहत नाही हे जगजाहीर आहे.

म्हणजे ती सहल नव्हती, परीक्षा होती. दहा आले तर वहिनी दर महिन्याला नातीकडे. नाही आले तर पुन्हा फोनची काच.

माप टाकी ते टाकी. आमच्या पंपावर गळ्यापर्यंत टाकी भरायची, भाचीच्या गावच्या पंपावर पुन्हा गळ्यापर्यंत, मग जेवढं पेट्रोल मावलं तेवढं गाडी प्यायली. दादाचे नियम कडक. आम्ही दोघी आत बसलेल्या असतानाच तो टाकी भरणार, कारण वजन बदललं की गाडी कलते आणि माप चुकतं. भरता भरता त्यानं गाडीला कमरेनं धक्के देऊन अशी काही हलवली की आतली हवा बुडबुड करत बाहेर आली. पंपावरचे लोक काम सोडून बघत होते. "तिथेही अस्संच भरायचं," दादानं बजावलं. "टाकी भरेपर्यंत कुणी उतरायचं नाही. एक माणूस उतरलं की माप बाद."

डिकी त्यानं आधीच रिकामी केली होती. वहिनीनं नातीसाठी शिवलेल्या गोधड्यासुद्धा बाहेर काढायला निघाला होता. वहिनीनं ते गाठोडं उचललं आणि मांडीवर घेऊन बसली. त्यावर बोलायची दादाची छाती नव्हती.

निघालो. काचा बंद, एसी बंद, चाकांत हवा टम्म. मी मागच्या सीटवर उकडून निघत होते. "दादा, अ‍ॅव्हरेज मिळेल, पण बहीण शिजेल." त्यानं ऐकलंच नाही. पायातले बूट काढून तो मोज्यांवर गाडी चालवत होता, म्हणे पेडल अंगठ्याला कळलं पाहिजे. ट्रकवालेसुद्धा हॉर्न वाजवत आम्हाला मागे टाकत होते.

त्या गाडीत वेगाच्या काट्याखाली एक छोटा काटा आहे. या घडीला ती किती पितेय ते तो दाखवतो. डावीकडे झुकला तर ढोसतेय, उजवीकडे गेला तर वाचवतेय. आमची तिघांची नजर त्याच्यावर, आणि तो डावीकडे ठाण मांडून बसलेला. सपाट रस्ता आला, डावीकडेच. दादा पाय अलगद उचलायचा, काटा जरा हलायचा आणि परत जागेवर. चढ चढून डोंगराच्या माथ्यावर आलो तेव्हा दादाच्या कानामागून घाम ओघळत होता. हा हरणार, आणि दिलेला शब्द पाळणार, हे मला तिथेच दिसलं.

माथ्यापलीकडच्या उतारावर टोलची रांग होती. दादानं गाडी न्यूट्रलला टाकली. पुढच्या गाड्या ब्रेक सोडला की आपोआप घरंगळत पुढे सरकत होत्या. आमची ढिम्म.

"आपली का नाही घरंगळत?" वहिनीनं विचारलं.

"जड आहे अगं. मोठ्या घराण्यातली आहे, अशी कुठेही घरंगळत नाही."

"जड वस्तू उतारावर आधी घरंगळते," वहिनी म्हणाली. "आणि इस्त्री चालू राहिल्यासारखा वास कसला येतोय?"

वास मलाही येत होता. मला वाटलं, मीच भाजतेय.

मग वहिनी स्वतःच्या कोपराकडे बघायला लागली. कोपर उचललं, कव्हर दाबून बघितलं, परत टेकवलं. "अहो, पूर्वी हा दांडा पार खाली जायचा. माझं कोपर पोचायचं नाही. तुम्ही हे शिवलंत तेव्हापासून तो वरच राहतो."

दादानं दांड्याकडे बघितलं. दांडा खाली दाबला. खालचा फोम चेपला, आणि हात काढताच दांडा परत वर आला. आमचा हत्ती इतके महिने ब्रेक अर्धवट लावून चालत होता. डॅशबोर्डवर त्याचा दिवा असतो, पण तो कधीचाच गेलेला. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, इथे कळसा वहिनीच्या कोपराखाली होता. मिस्त्री इंजिन उघडून बसला, गल्लीनं हत्ती हत्ती केलं, आणि पेट्रोल पीत होती ती दादाची माया.

टोल ओलांडून दादानं गाडी कडेला घेतली. मी पर्समधली कात्री पुढे केली. त्यानं हात लावला नाही. "उसवतो," म्हणाला. दुहेरी शिलाई, एकेक टाका. खिशातल्या टोच्यानं सुरुवात केली, दोन टाके निघाले आणि तो थांबला. माझ्या भावानं कधी कुणाचं शिवलेलं फाडलेलं मी बघितलेलं नाही, आणि हे तर त्यानं कुणासाठी शिवलं होतं. त्याचे डोळे भरून आले. मी खिडकीबाहेर बघायला लागले.

वहिनीनं त्याच्या हातातला टोचा काढून घेतला, दोन्ही हातांनी कव्हर धरलं आणि पाठीचा विचार न करता ओढलं. चर्रकन आवाज झाला. फोमचा गोळा तिच्या मांडीवर पडला. "झालं," ती म्हणाली. "आता चला, पोर वाट बघतेय."

दांडा खट्कन तळाला गेला. चाकं जरा निवू दिली, मग दादानं ब्रेक सोडला, आणि आमचा हत्ती इंजिनाला न विचारता आपल्या आपण पुढे निघाला.

मग जे झालं ते बघायला सगळी गल्ली हवी होती. छोटा काटा उजवीकडे गेला. दादानं पाय सैल केला, तो आणखी उजवीकडे गेला. उतार संपला, सपाट रस्ता लागला, तरी तो तिथेच. "बघ, बघ," दादा म्हणत होता, कुणाला म्हणत होता देव जाणे. वहिनी काट्याच्या बाजूनं मुठी आवळून बसली होती. मी तर पुढच्या दोन सीटच्या मधे मान घालून, "सोड दादा, अजून सोड," असं ओरडत होते. घामानं निथळत, काचा बंद करून, आम्ही तीन प्रौढ माणसं एका काट्यासाठी वेडी झालो होतो. उभ्या आयुष्यात इतकी मजा मला आली नव्हती.

पण मधूनच मनात यायचं, पहिल्या निम्म्या वाटेत जे पिऊन झालं त्याचं काय? ते गाडी काही परत ओकून टाकणार नव्हती.

भाचीच्या गावचा पंप आला. मी निघतानाच तिला कळवलं होतं, त्यामुळे ती पंपासमोर उभी होती, कडेवर पोरगी. दादानं गाडी नळीपाशी लावली आणि उतरता उतरता बजावलं, "टाकी भरेपर्यंत कुणी हलायचं नाही." पंपावरच्या बाईनं नळी लावली. आकडे पळायला लागले. दादा गाडीला कमरेनं धक्के देतोय, मी आकड्यांवर डोळे लावून हिशोब करतेय. भाची तिकडून जवळ आली. पोरीनं फोनमध्ये बघितलेला चेहरा काचेआड ओळखला आणि दोन्ही हात पुढे केले.

दार उघडल्याचा आवाज आला.

वहिनी उतरली. कुणी हात धरलेला नाही, कुणाला हाक मारलेली नाही. एक पाय टाकला, दुसरा टाकला आणि सरळ उभी राहिली, एवढा मोठा प्रवास करून. गोधड्यांचं गाठोडं खाली पडलं. तिनं पोरीला घेतलं आणि पोरीनं तिचं नाक धरलं. वहिनी हसत होती आणि रडत होती.

दादा धक्के द्यायचा थांबला. नळी खट्कन बंद झाली. "अजून भरू का?" पंपावरच्या बाईनं विचारलं.

आकडा मी बघितला होता, साक्षीदार होते ना. हिशोब दहाच्या खाली येत होता, अगदी जरासा. दादानं माझ्याकडे बघितलं. मी पर्समध्ये काहीतरी शोधायला लागले. कैचीनं तोंड मिटून ठेवायची ती पहिलीच वेळ.

तेवढ्यात फोटोवाल्याचा फोन आला. दादानं तो कानाला लावला, पण नजर वहिनीच्या पाठीवरच होती.

"माप बाद झालं," दादा म्हणाला. "टाकी भरायच्या आत एक माणूस उतरलं. नियम म्हणजे नियम, परत मोजायला लागेल." पलीकडून काहीतरी विचारणं झालं. "पुढच्या महिन्यात. पुन्हा इथपर्यंतच येणार." मग तो म्हणाला, "पण ती तेव्हाही उतरणार, हे आत्ताच सांगून ठेवतो."