सिद्धम्माची बैठक

सिद्धम्माला उभं राहिलेलं गावात फारसं कुणी पाहिलंच नव्हतं. चाकूर-उदगीर रस्त्यावरच्या त्या गावात बाई सकाळी जी मांडी ठोकायची, ती दिवस मावळेपर्यंत. अंघोळ झाली की गळ्यातलं इष्टलिंग डाव्या तळहातावर घेऊन पूजेला, मग चुलीपुढं भाकरीला, मग जात्यापुढं तुरीची डाळ भरडायला. नवरा भीमाशंकर गेल्यावर त्या डाळीवरच घर चाललं, पोरगा मन्मथ शिकून मास्तर झाला. आणि एवढं बसून झाल्यावर शेवटीही बसायचंच होतं, कारण त्यांच्या लिंगायत समाजात मेलेल्या माणसाला जाळत नाहीत, आडवं निजवतही नाहीत. मांडी घालून, हातात लिंग देऊन मातीत बसवतात. शेताच्या बांधाला भीमाशंकर तसाच बसलेला होता. त्याच्या शेजारची जागा सिद्धम्मानं स्वतःसाठी राखली होती. तिथं कुणी कडबा जरी रचला, तरी ती असं तोंड सोडायची की रचणारा मुकाट्यानं पेंढ्या उचलायचा.

लातूर नुकतंच जिल्हा झालं होतं. पेढे वाटून झाले, फटाके वाजून झाले आणि मागोमाग दुष्काळ आला. नव्या जिल्ह्यानं गावाला काय दिलं म्हणाल, तर आधी टँकर दिला. टँकर विहिरीत पाणी ओतायचा आणि अख्खं गाव घागरी-पोहरे घेऊन काठावर तुटून पडायचं. सून जगदेवी रोज जायचीच. पण सूनबाईनं गढूळ पाणी आणलं, असं म्हणत एक दिवस सासूबाई स्वतःच तरातरा निघाल्या. झालं! काठावरच्या चिखलात पाय सटकला आणि बाई कमरेवर आदळली. लोक उचलायला गेले, तर डावा पाय बाहेर वळलेला आणि उजव्यापेक्षा आखूड दिसत होता. मन्मथनं जीप केली आणि आईला तिच्यात आडवी घालून लातूरच्या दवाखान्यात नेलं.

हाडाचे डॉक्टर तरुण होते. खुब्याचं हाड मोडलंय, ऑपरेशन करावं लागेल, असं सांगून त्यांनी सामानच समोर ठेवलं. बोटाएवढा जाड एक स्क्रू खुब्यात जाणार, त्याला जोडलेली पट्टी मांडीच्या हाडाला लागून बसणार आणि ती पक्की करायला बारके स्क्रू. सिद्धम्मानं ते लोखंड उलटंपालटं करून निरखलं. हे आत गंजत नाही का, तिनं विचारलं. डॉक्टर नाही म्हणाले. त्यावर आपणच म्हणाली, गंजायला पाणी लागतं, ते आमच्याकडं हाय कुठं. वॉर्डातल्या बाया हसल्या. इथवर सगळं सुरळीत होतं. मग तिनं विचारलं, मांडी घालता येईल ना? आणि डॉक्टरांनी घाईत सांगून टाकलं, आता मांडी विसरा, खुर्चीवर बसत जा.

बाईचा चेहराच उतरला. मन्मथला म्हणाली, जीप बोलाव, घरी जायचं. त्यानं विनवण्या केल्या, रागावून पाहिलं. तिनं भिंतीकडं तोंड केलं ते केलंच.

तिच्या मनात काय होतं, ते जगदेवीला ठाऊक होतं. दोघींचं एरवी विळ्या-भोपळ्याचं सख्य, पण मडिवाळप्पाच्या मातीला दोघी शेजारी उभ्या होत्या. मडिवाळप्पा म्हणजे सिद्धम्माचा दीर. बैलगाडीखाली त्याचा पाय मोडला होता, घरीच झाडपाला बांधून तो कसाबसा जुळला आणि पुढं जन्मभर दुमडलाच नाही. तो गेला तेव्हा चार गड्यांनी जोर लावला तरी मांडी जमेना. शेवटी पाय लांब ठेवूनच माती लोटली. त्या दिवशी सिद्धम्मा घरी येऊन जेवली नव्हती.

जगदेवी पदर सावरून डॉक्टरांच्या टेबलाशी गेली. म्हणाली, "साहेब, आमच्यात मेलेल्या माणसाला मांडी घालून बसवतात. पाय दुमडला न्हाई तर आपल्याला कसं बसवतील, ही धास्ती हाय त्यांना."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. खाटेजवळ स्टूल ओढून बसले आणि आपण नीट विचार न करता बोललो, हे आधी कबूल केलं. हाड जुळेपर्यंत खुर्ची. ते सरळ जुळलं की मांडी बरेचदा जमते. हमी देत नाही, पण आशा आहे, म्हणाले. सिद्धम्माचा विश्वास बसेना. लोखंड कुठं वाकतं का, एवढंच ती पुटपुटली.

तेव्हा जगदेवी बोलली, "अव्वा, मडिवाळप्पा काकांच्या पायात कुठं खिळा होता? तरी दुमडला का तो?"

सिद्धम्मानं भिंतीकडचं तोंड वळवलं. मग म्हणाली, करा काय करायचं ते, पण लिंग अंगावरून उतरवणार न्हाई. नर्सबाईंनी ते स्वच्छ पट्टीत गुंडाळून दंडाला बांधून दिलं.

कमरेखालचं अंग बधिर केलं होतं, पण कान जागेच होते. आधी घरघर, मग हातोडीचे ठोके. सुताराच्या दुकानात निजल्यागत वाटत होतं तिला. पडद्याआडून म्हणाली, बाबा, बेतानं ठोक, त्याच्यावर बसायचं हाय मला. डॉक्टरांना हसू आवरेना.

घरी आल्यावर खुर्चीचं आणि तिचं काही पटलं नाही. पूजा खुर्चीवर कशी चालेल म्हणून ती कुरकुरली, तर मठातल्या स्वामींनी समजावलं, लिंग तळहातावर बसतं, खाली काय आहे ते विचारत नाही. जातं आता जगदेवी ओढायची आणि सासूबाई वरून डाळीत खोट काढायच्या. डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर जगदेवी रोज गुडघ्याखाली हात घालून पाय हळूहळू आत घ्यायला लागली. सिद्धम्मा कळवळून तिला शिव्या द्यायची आणि दुसऱ्या दिवशी आपणच पाय पुढं करायची.

परतीच्या पावसानं जराशी ज्वारी उभी केली होती. येळवशीला, म्हणजे शेतात पूजा करायच्या वेळ अमावास्येला, सगळं गाव भज्जी-आंबिलीचा नैवेद्य घेऊन रानात गेलं. सिद्धम्माही बैलगाडीतून आली. काठी टेकत ती पूजेसाठी उभारलेल्या कडब्याच्या खोपीकडं न जाता थेट बांधाला गेली, भीमाशंकरच्या समाधीच्या दगडाशेजारी. काठी धरून खाली टेकली. उजवा पाय दुमडला. डावा कुरकुरला, अडला, मग आला. मांडी बसली.

बाई कशाचा अंदाज घेतेय, ते सगळ्यांना कळत होतं. मन्मथच्या डोळ्यांत पाणी आलं. सिद्धम्मानं दगडावरून हात फिरवला, ज्वारीकडं पाहिलं आणि भज्जी गार व्हायली म्हणून काठी मागितली. उठवायला जगदेवी हात पुढं करून धावली.

"थांब. बसवायला तू हायेसच की," सिद्धम्मा म्हणाली. "उठायचं माझं मला बघू दे."