एका खोलीचे दोन फोटो

कसबा पेठेत भांड्यांना कल्हई लावणाऱ्या अख्तरबानूंची खोली एकच आहे. उंबऱ्याशी भट्टी आणि भाता. मागे खाट, शेगडी, पाण्याचा माठ. पती गुलजार वारल्यापासून त्यांनी ती भट्टी थंड पडू दिलेली नाही. जागा स्वतःच्या नावावर आहे, पण छपराच्या पत्र्याची चाळण झाली आहे. केंद्र सरकारच्या घरयोजनेतून त्याच जागी पक्के घर बांधायला मदत मिळते, असे कळताच त्यांनी अर्ज केला.

पाहणीसाठी कर्मचारी आला, त्या दिवशी त्यांनी घराण्याची रीत पाळली. पाहुणा येणार असेल, तर कल्हईवाल्याच्या दारात चकचकीत भांडी मांडलेली हवीत. पातेली, हंडे, पराती यांची अशी रास लागली की मागची खाट दिसेनाशी झाली. मोबाइलवरचा फोटो दिल्लीला गेला. उत्तर आले, की हे दुकान आहे, राहते घर नव्हे. नाव यादीतून कमी झाले.

अख्तरबानू महापालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयात गेल्या. नियम दिल्लीचे, यादीही दिल्लीची, आमचे काम फक्त माहिती पाठवण्याचे, असे लिपिक दिगंबर यांनी सांगितले.

"दिल्लीला तुमची गल्ली दिसत नाही, मावशी. फोटो दिसतो."

"तुम्हाला तर दिसते ना, दिगंबरराव? इथून चालत सात मिनिटं."

घर आणि दुकान असे दोनच रकाने आहेत, दोन्ही मिळून तिसरा नाही, असे दिगंबर म्हणाले. अख्तरबानूंनी सलग चार सोमवार खेटे घातले. चौथ्या खेपेला दिगंबर यांनी पुन्हा पाहणीला येतो असे कबूल केले आणि पाचव्या सोमवारी ते स्वतःच त्यांच्या दारी आले.

भांडी आमच्याकडे ठेवा, भट्टीवर चादर टाका, असे शेजारच्या आनंदीताईंनी आदल्या दिवशी सुचवले होते. अख्तरबानूंनी ते मानले नाही. जिच्यावर पोट चालते ती भट्टी लपवून घर मिळवले, तर त्या घरात ती कुठल्या तोंडाने पेटवायची?

दिगंबर यांनी खाट पाहिली, शेगडीवर शिजणारी डाळ पाहिली आणि पंचनामा लिहिला. मग फोटोसाठी भांडी बाजूला घ्यायला सांगितले. अख्तरबानूंनी भांडी तशीच ठेवली. खाट ओढत पुढे आणली आणि भांड्यांच्या शेजारी लावली.

"दोन्ही येऊ द्या. घर एवढंच आहे."

दिगंबर यांनी फोटो काढला. दिल्ली यालाही नाही म्हणेल, असे त्यांनी बजावले. तरी स्थानिक पाहणी ग्राह्य धरावी, असे पत्र सोबत जोडले. दुसऱ्या दिवशी अख्तरबानूंनी त्या पत्राचा जावक क्रमांक मागून आणला, कोळशाने दारामागे लिहिला आणि भाता हाती घेतला. सोमवारी पुन्हा जायचे होते.